गुडघ्यापासून बगलेपर्यंत

आमच्या तालुक्याचं नाव केळापूर, पण तहसील, बाजार सगळं पांढरकवड्यात. कापसाचा मुलूख. क्रिकेटची बॅट इथं घरोघरी सापडेल. सॉफ्टबॉलचा ग्लोव्ह मात्र शाळेच्या पेटीतच. तरी शालेय स्पर्धांमुळे हा खेळ खेड्यांतल्या पोरींपर्यंत पोचला, अन् त्यांच्या मागं उभं राहून 'स्ट्राइक' की 'बॉल' ते सांगायचं काम माझ्याकडं आलं.

लांबून हे काम सोपं दिसतं. होम प्लेट १७ इंच रुंद. तिच्यावरून, बॅटरच्या बगलेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंतच्या पट्ट्यातून चेंडू गेला की स्ट्राइक. बाहेरून गेला अन् तिनं बॅट फिरवली नाही, तर बॉल. तीन स्ट्राइकला आउट, चार बॉलला पहिला बेस फुकट. महिलांच्या सामन्यात पिचरची पट्टी ४३ फुटांवर असते. तिथून खालच्या हातानं आलेला चेंडू पापणी लवायच्या आत प्लेट ओलांडतो.

मी प्रत्येक चेंडूला एकाच जागी उभा राहतो : कॅचर अन् बॅटर यांच्या मधल्या फटीत, डोळे पट्ट्याच्या वरच्या कडेला. डोकं हलवायचं नाही. चेंडू ग्लोव्हमध्ये बसेपर्यंत तोंड उघडायचं नाही. जागा बदलली की नजर बदलते, नजर बदलली की माप बदलतं.

तक्रारी ठरलेल्या असतात. "सर, ग्लोव्ह तं जमिनीले टेकला होता!" टेकला असेल, पण खाली पडणारा चेंडू प्लेटवर गुडघ्याच्या वर होता. कॅचरनं कुठं पकडला, त्याचा हिशेब मी करत नाही. एकदा एक उंच पोरगी तणतणली, "मले स्ट्राइक देल्ला, अन् तिले तेवढ्याच उंचीचा बॉल देल्ला!" मी म्हटलं, "टेलर तुमचा दोघींचा ड्रेस एकाच मापात शिवतो काय?" हसली अन् परत बॅट घेऊन उभी राहिली. माप ज्याच्या-त्याच्या अंगाचं. अन् कुणी मुद्दाम वाकून उभं राहिलं तरी नेहमीच्या उभं राहण्याचंच.

विचारलं तर एकदा, थोडक्यात सांगतो. वाद घालत नाही. तक्रारीचा राग पुढच्या चेंडूवर काढत नाही, अन् कुणी ओरडलं म्हणून भरपाईही देत नाही. नियम चुकीचा लावला तर संघाला हरकत घेता येते. स्ट्राइक-बॉलच्या निर्णयावर घेता येत नाही. वर दाद नाही, म्हणून खाली जास्त जपावं लागतं.

अन् पणाला बरंच काही असतं. वरच्या स्पर्धेत खेळलं की परीक्षेत सवलतीचे गुण, पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण. कोरडवाहू वावराच्या घरात हे लहान नसतं.

एका सामन्यात सातव्या, शेवटच्या इनिंगला बाहेरच्या कोपऱ्यावरचा चेंडू एका पोरीनं सोडला. स्ट्राइक तीन. आउट. संघ हरला. तिचा बाप दुपट्ट्यानं तोंड पुसत आला. "साहेब, काट्यावरचा मानूस सकाळी येक माप देते अन् सांजच्याले दुसरं. तुमी तसं तं नाही केलं ना?"

मी सांगितलं, "भाऊ, पहिल्या इनिंगमध्ये त्याच कोपऱ्यावर समोरच्या टीमची पोरगी आउट दिली. तवा तुमच्याकडच्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या."

तो थोडा वेळ प्लेटकडं पाहत राहिला. "मंग ठीक हाय," म्हणाला अन् गेला. खूश झाला नव्हता. फसवलो गेलो, असंही त्याला वाटलं नव्हतं. पंचाला यापेक्षा जास्त काही मिळवता येत नाही.

पोरगी मात्र थांबली होती. डोळे लाल.

"सर, तो कोपरा तुमी नेहमीच देता?"

"नेहमीच."

"मंग पुढच्या वक्ती मी बॅट फिरवीन."