आम्ही आणि आपण

मराठीत एक सोय आहे आणि ती परमुलखात संसार थाटल्याखेरीज सहसा ध्यानात येत नाही. समोरच्यास वगळावयाचे असेल तर 'आम्ही' आणि त्यास सामावून घ्यावयाचे असेल तर 'आपण', असे दोन शब्द आपल्यापाशी आहेत. इंग्रजीत ही सोय नाही. कन्नडातही 'नावु' या एकाच शब्दावर दोन्हींचे भागते. कचेरीच्या टिप्पण्या लिहून लिहून आम्हांस स्वतःला 'आम्ही' म्हणण्याची खोड लागली आहे. तरी या दोन शब्दांतील अंतर केवढे आहे, हे कळण्यास १२ मार्च २०२३ ची रात्र उजाडावी लागली. त्या रात्री आम्ही बेंगळूरच्या श्रीकंठीरव क्रीडागारात मुंबई आणि बेंगळूर यांच्यातील फुटबॉलचा सामना पाहण्यास गेलो होतो.

आम्ही मूळचे कोल्हापूरचे. कोल्हापुरास लोक कुस्तीचे गाव म्हणतात, ते खरेच आहे. परंतु तेथे फुटबॉलही तालमीतच वाढला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ ही नावे तिकडे संघांची आहेत तशीच घराण्याच्या अभिमानाचीही आहेत. राजर्षी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर कोणत्या पेठेने कोठे बसावे, हे लहान पोरांसही शिकवावे लागत नाही. आमचे काका आपल्या तालमीचा झेंडा घेऊन सामन्यास जात आणि संघ जिंकला तर तोच झेंडा सदऱ्याच्या आत पोटाशी गुंडाळून परत येत. कारण वाटेत दुसऱ्यांची पेठ लागे. 'हरलो असतो तर उघडा आणला असता,' असे ते म्हणत. विजय लपवून न्यावा लागतो आणि पराभव मिरवता येतो, हे जगाचे गणित आम्ही असे वयाच्या आठव्या वर्षीच शिकलो.

पुढे पदवी झाली, परीक्षा झाली, केंद्र सरकारची कारकुनी मिळाली आणि बदलीच्या हुकुमाने आम्हांस बेंगळुरास आणून सोडले. चिरंजीव तेव्हा तीन वर्षांचे होते. आई मात्र कोल्हापूर सोडण्यास राजी झाली नाही. 'तुम्ही या परत, मी घर सांभाळते,' एवढेच ती म्हणाली. तेव्हापासून दर वर्षी ३१ मार्चच्या आत गृहराज्यात बदली मिळावी म्हणून अर्ज करावयाचा, हा आमचा कुळाचार होऊन बसला. अर्जात कारणांचा रकाना असतो. त्यात आम्ही दोन कारणे लिहीत असू: वृद्ध मातेची शुश्रूषा आणि अपत्याचे मातृभाषेत शिक्षण. पहिले कारण सहाशे किलोमीटरांवर बसून दर रविवारी दूरध्वनीवरून खोकत असे. दुसरे कारण आमच्याच घरात गल्लीतल्या पोरांशी अस्खलित कन्नडात भांडत असे.

त्या हिवाळ्यात हवा काही बरी नव्हती. २०२२ च्या डिसेंबरात सीमाप्रश्न पुन्हा पेटला होता. बेळगावजवळ महाराष्ट्राच्या क्रमांकाच्या मालमोटारींवर दगड पडले, पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. बेंगळुरात आमच्या वाटेस कोणी गेले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तथापि मेट्रोत आईचा दूरध्वनी आला की आमचा आवाज आपोआप खाली उतरू लागला. कोणी काही बोलले नाही, कोणी डोळे वटारले नाहीत; आम्हीच आमची भाषा सदऱ्याच्या आत गुंडाळून फिरू लागलो.

अशा दिवसांत कचेरीतील एका कन्नड सहकाऱ्याने आम्हांस सामन्याची दोन तिकिटे देऊ केली. 'बन्नी सार्, मगनन्नू करकोंडु बन्नी,' म्हणजे मुलालाही घेऊन या, असा त्यांचा प्रेमळ आग्रह पडला. आम्ही मुंबईच्या बाजूचे असू, ही शंका त्यांच्या मनास शिवली नाही आणि आम्ही ती शिवू दिली नाही. खरे म्हणजे कोल्हापूरकरास मुंबईचे एवढे प्रेम असण्याचे कारण नाही. गावी असतो तर मुंबईच्या संघास आम्ही नावेच ठेवली असती. पण परमुलखात गेलेल्या माणसाचा अभिमान गाव सोडून जिल्ह्यावर, जिल्हा सोडून प्रांतावर असा पसरत जातो आणि जितका पसरतो तितका पातळ होण्याऐवजी दाटच होतो.

प्रश्न पोशाखाचा होता. बेंगळूरच्या संघाचा रंग गडद निळा, मुंबईचा आकाशी. आम्ही विचारपूर्वक असा एक सदरा काढला की ज्याचा निळा रंग धुण्याने निम्मा उतरला होता. मुंबईकराने पाहिला तर आकाशी वाटावा, बेंगळूरकराने पाहिला तर जुना झालेला गडद निळा. दोन्ही पक्षांस मान्य होईल असा मसुदा करण्याचे आमचे कसब जन्मात प्रथमच कचेरीबाहेर उपयोगी पडले. चिरंजीवांना असले कसब ठाऊक नव्हते. त्यांनी शेजारच्या मित्राकडून दोन्ही गालांवर गडद निळे पट्टे ओढून घेतले आणि विजयनगरपासून कब्बन पार्कपर्यंत मेट्रोत ते पट्टे सर्वांना दाखविले.

श्रीकंठीरव क्रीडागार जेथे उभे आहे तेथे पूर्वी संपंगी तलाव होता. ज्या रणधीर कंठीरव नरसराज वडेयरांचे नाव त्यास आहे, तो म्हैसूरचा राजा पैलवान म्हणून ख्यात होता. एवढ्याने आमच्या कोल्हापुरी मनास थोडा धीर आला. परंतु आत पाऊल टाकताच तो धीर ओसरला. पश्चिमेच्या बाजूस 'वेस्ट ब्लॉक ब्लूज' या नावाने ओळखले जाणारे बेंगळूरचे कट्टर पाठीराखे उभे होते. ते बसत नाहीत. नव्वद मिनिटे उभे राहून ढोल, टाळ्या आणि आरोळ्या असा त्यांचा अखंड सप्ताह चाललेला असतो. मैदानाभोवती धावण्याची पट्टी असल्याने खेळाडू दूर दिसतात. पण तो आवाज ती पट्टी ओलांडून मैदानात उतरत होता.

त्या दिवसाचे महत्त्व असे की, पाच दिवसांपूर्वी अंधेरीस झालेल्या उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात बेंगळूरने सुनील छेत्रीच्या एकमेव गोलावर मुंबईस तिच्याच घरी हरविले होते. त्या हंगामात मुंबईचा संघ साखळीत अव्वल ठरला होता. ओळीने अठरा सामने तो अजिंक्य राहिला आणि फेब्रुवारीत ती माळ तुटली तीही याच मैदानावर, बेंगळूरकडूनच. बेंगळूरकरांनी मुंबईस चकित करणे तसे नवे नाही. १९३७ साली बेंगलोर मुस्लिम्स या संघाने मुंबईत येऊन रोव्हर्स चषक जिंकला आणि गोऱ्या पलटणींच्या हातून तो प्रथमच एका भारतीय नागरी संघाकडे गेला. पुढील वर्षी त्यांनी तो पुन्हा नेला. हे सारे आमच्या सहकाऱ्यांनी सामन्यापूर्वीच ऐकविले. आम्ही मान डोलावीत गेलो.

खेळ सुरू झाला आणि थोड्याच वेळात मुंबईस पेनल्टी मिळाली. ग्रेग स्टुअर्टने मारलेला चेंडू गोलरक्षक गुरप्रीतसिंगने अडविला. सारे क्रीडागार उसळले. आमच्या तोंडून 'अरेरे' निसटले, पण त्या गदारोळात ते आम्हांसही नीट ऐकू आले नाही. मग हावी हर्नांडेसने बेंगळूरचा गोल केला. चिरंजीव बाकावर चढून नाचले. आम्ही टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्या शासकीय समारंभातल्या होत्या.

घात झाला तो तिसाव्या मिनिटाच्या सुमारास. बिपिनसिंगने मुंबईची बरोबरी साधली आणि काय झाले हे कळण्यापूर्वी आम्ही उभे होतो. 'हाण्ण की रं!' अशी काकांची आरोळी आमच्या कंठातून बाहेर पडली होती. आजूबाजूस सर्वत्र स्तब्धता. हजारो माणसे एकाच वेळी गप्प झाली म्हणजे एका माणसाचा आवाज किती दूर जातो, याचा अनुभव ज्याने घेतला असेल त्यासच आमची अवस्था कळेल. पुढच्या रांगेतील चार तरुणांनी मागे वळून पाहिले. त्यांतील एक काहीतरी म्हणाला. सहा वर्षांच्या वास्तव्याने आम्हांस तेवढे कन्नड कळत होते. न कळल्यासारखे करण्याइतके शहाणपणही आले होते.

त्या तरुणाचे बोलणे पाच मिनिटांत विसरता आले असते. विसरता आले नाही ते दुसरेच. चिरंजीवांनी आमच्याकडे पाहिले आणि ते वीतभर सरकून बसले. आमच्यात आणि त्यांच्यात एक रिकामी जागा झाली. मग समोर पाहतच ते शांतपणे मराठीत म्हणाले, "बघा बाबा, आम्हीच जिंकणार."

'आम्हीच'! मराठी शुद्ध होते. व्याकरणात दोष काढण्यास जागा नव्हती. मातृभाषेच्या शिक्षणाचे आमचे सारे कष्ट फळास आले होते आणि त्या फळाची पहिली फोड अशी आमच्या हातावर पडली होती.

आमच्या डाव्या बाजूस एक वृद्ध गृहस्थ बसले होते. इतका वेळ ते काहीही बोलले नव्हते. त्यांनी कागदाच्या पुडीतले शेंगदाणे आमच्यापुढे धरले आणि मोडक्या हिंदीत विचारले, "मुंबईचे का?" आम्ही कोल्हापूर म्हटले. "म्हणजे महालक्ष्मी," असे म्हणून त्यांनी हात जोडले. मग आमचा संकोच पाहून ते म्हणाले की, २०१९ साली बेंगळूरने प्रथमच लीगचा चषक जिंकला तो तुमच्या मुंबईच्याच मैदानावर. जादा वेळात गोव्याविरुद्ध एकमेव गोल केला तो राहुल भेकेने, आणि तो तर मुंबईचा पोरगा! तोच भेके या हंगामात मुंबईकडे होता. "मग आता आम्ही त्याला शत्रू म्हणायचे का?" एवढे बोलून ते पुन्हा शेंगा खाऊ लागले. आम्ही आमच्या पिढीचे वाद आठवू लागलो. पण ते गृहस्थ त्यांच्या वयास शोभेल अशा स्वस्थपणे खेळ पाहत होते.

उत्तरार्धात मेहताबसिंगने मुंबईचा दुसरा गोल केला. या वेळी आम्ही बसूनच राहिलो. पण टाळ्या मात्र खऱ्या वाजविल्या. पुढच्या रांगेतील तरुणाने पुन्हा मागे पाहिले आणि, काय आश्चर्य, हताशपणे हसून हात उडविले. दोन सामने मिळून गोल समसमान झाले. जादा अर्धा तासही कोरडा गेला. मग पेनल्ट्यांचा तो जीवघेणा प्रकार सुरू झाला. दोन्ही बाजूंच्या आठ-आठ खेळाडूंनी एकामागून एक गोल केले. सोळा वेळा चेंडू जाळ्यात गेला, सोळा वेळा कोणाचा ना कोणाचा श्वास सुटला. मुंबईचा नववा खेळाडू म्हणून मेहताबसिंग पुढे आला. ज्याने मुंबईस सामन्यात जिवंत ठेवले तोच. त्याचा चेंडू गुरप्रीतने अडविला. पाठोपाठ संदेश झिंगनने बेंगळूरचा नववा गोल केला आणि सारे संपले.

त्या आनंदाच्या कल्लोळात आम्ही खाली बसून होतो. दुःख एवढे मोठे नव्हते; पण ते वाटून घ्यावयास कोणी नव्हते. इतक्यात चिरंजीव नाचायचे थांबले. त्यांनी आमच्याकडे पाहिले, मित्राच्या दिशेने पाहिले, आणि ती रिकामी जागा ओलांडून ते आमच्या मांडीशी येऊन उभे राहिले. बोलले काहीच नाहीत. गालांवरचे निळे पट्टे घामाने ओघळून इतके फिके झाले होते की, त्यांचा आणि आमच्या सदऱ्याचा रंग जवळजवळ एक झाला होता.

घरी पोहोचण्यास साडेअकरा झाले. सौभाग्यवतींनी दार उघडले आणि विचारले, "कोण जिंकलं?" आम्ही उत्तर देणार तोच चिरंजीव म्हणाले, "आपण." सौभाग्यवतींनी कोण ते विचारले नाही, त्या पाने वाढावयास आत गेल्या.

आणखी सहा दिवसांनी, १८ मार्चला, गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर अंतिम सामना झाला. आम्ही तो घरी दूरदर्शनसंचावर पाहिला. एकीकडे बेंगळूर, दुसरीकडे कोलकात्याचा मोहन बागान. मुंबई नव्हतीच, तेव्हा तटस्थ राहण्यास आम्हांस पूर्ण मोकळीक होती. पण बेंगळूरने चेंडू पुढे नेला की आमचे पाय आपोआप हलत होते आणि एकदा तर 'हाण्ण की' हे शब्द दातांपर्यंत येऊन थांबले नाहीत. पुन्हा बरोबरी, पुन्हा पेनल्ट्या. या वेळी मात्र बेंगळूर हरले. चिरंजीव उशीत तोंड घालून रडू लागले. आम्ही त्यांच्या पाठीवरून हात फिरविला आणि म्हणालो, "हरलो आपण. असू दे, पुढच्या वर्षी बघू."

रडे थांबले. उशीतूनच प्रश्न आला, "पुढच्या वर्षी आपण इथंच असणार ना, बाबा?"

बदलीचा अर्ज तेव्हा लिहून तयार होता. टेबलाच्या खणात होता. कारणांच्या रकान्यात दोन्ही कारणे सुवाच्य अक्षरात मांडलेली होती. त्या वर्षीचा ३१ मार्च तो अर्ज खणात असतानाच उलटून गेला. 'विसरलो,' असे आम्ही सौभाग्यवतींना सांगितले. सरकारी कारकुनास तारखेचा विसर पडत नसतो, हे त्यांनाही ठाऊक आहे. त्या काही बोलल्या नाहीत. पण रविवारी दूरध्वनीवर आईने नेहमीप्रमाणे विचारले, "केलास का रे अर्ज?" तेव्हा मेट्रोत नव्हतो, घरीच होतो, आजूबाजूस कोणी परके नव्हते, तरीही आमचा आवाज खाली उतरला.