मताची उधारी

गेल्या १५ जानेवारीला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेसाठी मतदान झाले. त्याआधीचे मतदान १ नोव्हेंबर २०१५ चे. मधली पाच वर्षे आमच्या शहरात नगरसेवकच नव्हते, प्रशासकांच्या हाती कारभार होता. इतक्या दीर्घ काळाने मत देण्याची संधी आली, म्हणून मतदानाच्या आधीच्या रविवारी, सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपून आम्ही घरातली सर्व मंडळी बोलत बसलो होतो. राज्यशास्त्र शिकणाऱ्या माझ्या लेकीने सहज विचारले, “पप्पा, इतकी वर्षे तुम्ही ज्यांना मत देता, त्यांना का देता?”

मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, “आपला माणूस आहे. अडीअडचणीला धावून येतो.”

“कोणत्या अडचणीला आले होते?”

या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते. पण ते लेकीसमोर उच्चारण्याचे धैर्य झाले नाही. आज ते या पानावर लिहीत आहे.

डोंबिवली पूर्वेला आमचे भांड्यांचे दुकान आहे. वडिलांच्या काळी दुकानापुढे लहानशी पायरी होती. मी व्यवसाय हाती घेतल्यावर तिचा ओटा केला, वर पत्रा घातला. माल बाहेर मांडता येऊ लागला, विक्री वाढली. तो ओटा दोन फूट गटारावर गेला होता, हे मला माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही. काही दिवसांनी पालिकेची नोटीस आली. मी आमच्या नगरसेवकाकडे गेलो. त्यांनी आस्थेने चहा दिला आणि म्हणाले, “शेठ, काळजी करू नका.” नोटीस पुढे सरकली नाही. त्या दिवसापासून ते आमचे झाले.

त्यानंतर २६ जुलै २००५ चा पाऊस आला. ठाणे, कल्याण, डोंबिवली, बदलापूर, सगळीकडे पाणी भरले. त्या दिवशीच्या पावसापुढे कोणतेही गटार पुरे पडले नसते, हे खरे. तरीही आमच्या मागच्या गल्लीतील चाळीतले पाणी इतर ठिकाणचे ओसरल्यावरही हलेना. चाळीत तळमजल्यावर एक वृद्ध मावशी राहत. त्यांचे धान्य, अंथरूण, सारे गेले. आठवड्याने त्या दुकानी आल्या आणि कोणताही राग न धरता म्हणाल्या, “शेठ, तुमच्या ओट्याखाली गटार तुंबतं हो.” मी त्यांना दोन पातेली आणि एक परात दिली, पैसे घेतले नाहीत. आपण दान केले, असे समाधानही मानून घेतले. पुढच्या निवडणुकीत मत मात्र त्याच नगरसेवकाला दिले. नंतरच्या प्रत्येक वेळी दिले.

त्या रात्री लेकीने अमेरिकेतील एका जुन्या अभ्यासाविषयी सांगितले. १९४० साली रूझवेल्ट आणि विल्की यांच्यात अध्यक्षपदाची निवडणूक होती. तेव्हा पॉल लाझार्सफेल्ड या समाजशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह ओहायो राज्यातील ईरी या परगण्यात सुमारे ६०० मतदारांची मे ते नोव्हेंबर दर महिन्याला भेट घेतली. भाषणे, रेडिओ, वर्तमानपत्रे यांनी माणसाचे मत कसे बदलते, हे त्यांना पाहायचे होते. आढळले वेगळेच. बहुतेकांचा निर्णय प्रचाराला रंग चढण्यापूर्वीच झालेला होता. घरची माणसे, शेजारी, कामावरचे सोबती यांच्या शब्दाचे वजन भाषणांहून अधिक होते. प्रचारातून लोक प्रामुख्याने आपल्या आधीच्या मताला आधार शोधत होते. पुढे १९६० साली मिशिगन विद्यापीठातील अभ्यासकांनीही दाखवून दिले की, तिथे पक्षनिष्ठा बहुधा आईवडिलांच्या घरातूनच मुलांकडे येते.

मी म्हणालो, “म्हणजे अमेरिकाही डोंबिवलीसारखीच की!” सगळे हसले. लेक मात्र म्हणाली, “हो पप्पा. फरक इतकाच की, आपण विचार करून ठरवले असे प्रत्येकाला वाटत असते.”

आपल्या व्यापारी घरांत तरी वेगळे काय घडते? कोणा वडीलधाऱ्याचा शब्द येतो, व्यापारी मंडळात चर्चा होते, भ्रमणध्वनीवर निरोप फिरतात, आणि सबंध कुटुंबाचे मत ठरते. यात सर्वच गैर आहे असे नाही. ज्याला आपण ओळखतो, जो हाकेला येतो, त्याच्यावर विश्वास ठेवणे स्वाभाविक आहे. यंदा तर आमच्या प्रभागात एका मतदाराने चार जागांसाठी चार मते द्यायची होती. २०१५ मध्ये एका प्रभागाचा एकच नगरसेवक होता. चौघांची माहिती कोण काढणार? पुष्कळांनी एकच चिन्ह चार वेळा दाबले असेल. शहरातील काही जागांवर तर मतदानापूर्वीच उमेदवार बिनविरोध निवडून आले. तिथल्या मतदारांना त्या जागेसाठी निवड करण्याचा प्रसंगच आला नाही.

परंतु एक गोष्ट मनाला बोचते. नवा गिऱ्हाईक पाच हजारांची उधारी मागतो, तेव्हा आपण त्याची पत पाहतो, बाजारात चार ठिकाणी चौकशी करतो. उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण आणि त्याच्यावरील गुन्हे यांचे शपथपत्र पाहण्याचा अधिकार आपल्याला सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनी मिळाला. तो मिळवण्यासाठी अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतील प्राध्यापकांनी स्थापन केलेली संस्था न्यायालयात लढली होती. मी मात्र आयुष्यात एकही शपथपत्र वाचले नव्हते. वाचण्याची गरजच नव्हती. माझे मत ही निवड नव्हतीच. ती ओट्याची उधारी होती, आणि मी ती दर पाच वर्षांनी हप्त्याहप्त्याने फेडत होतो. फेडताना नुकसान मात्र मागच्या गल्लीतील माणसांचे होत होते.

दुसऱ्या दिवसापासून प्रचारफेरीत दुकानी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला मी एकच विचारले, “मागच्या गल्लीच्या गटाराचे काय करणार? त्यासाठी माझा ओटा तोडावा लागला तरी चालेल.” एक जण मोठ्याने हसून म्हणाला, “शेठ, आम्ही असताना तुमच्या ओट्याला कोण हात लावतो?” वीस वर्षांपूर्वी हेच वाक्य मला किती गोड वाटले होते! दुसऱ्याने नुसतीच मान डोलावली. एका तरुण उमेदवार ताईंनी मात्र गल्लीत जाऊन गटार पाहिले आणि वहीत टिपून घेतले. त्या पुढे काय करतील, हे काळच सांगेल. चौघांची शपथपत्रे लेकीने आणि मी मिळून वाचली. मत कोणाला दिले, हे सांगत नाही. गुप्त मतदानाची मर्यादा पाळलीच पाहिजे. इतकेच सांगतो, की या वेळी “का?” या प्रश्नाचे उत्तर मी लेकीच्या डोळ्यांत पाहून देऊ शकतो.

निवडून आलेल्यांची वाट न पाहता मार्चमध्ये मी स्वखर्चाने ओटा तोडून घेतला. गटार दोन फूट उघडे झाले. आतून निघालेला गाळ पाहून मीच शरमलो. त्या मावशी आता हयात नाहीत. त्यांची क्षमा मागण्याची वेळ मी घालवली. त्यांचा मुलगा त्याच खोलीत राहतो. ओटा तुटत असताना तो शेजारी येऊन उभा राहिला. मी हात जोडले. त्याने काही विचारले नाही. गवंड्याच्या हातातले फावडे घेऊन तो माझ्याबरोबर गाळ काढू लागला.