त्रेचाळीस दाते, आठ दाते

घोटी गावातून मुंबई-आग्रा हमरस्त्याच्या कडेने चालू लागले, म्हणजे टायरविक्यांची, पंक्चरवाल्यांची आणि गॅरेजांची जी रांग लागते, तिच्यातल्या एका दुकानापुढे, पावसाळ्याच्या तोंडावर, एक जुनी उघडी जीप उभी होती. तिला नुकतेच एकतीस इंच व्यासाचे, दांडग्या खाचांचे नवे टायर चढवले होते, आणि उतरवलेले मूळचे सहा-सोळा मापाचे सडपातळ टायर शेजारी भिंतीला टेकवून ठेवले होते. जीपचा तरुण मालक तक्रारीच्या सुरात म्हणत होता, ‘चाचा, तिसऱ्यात गाडी ओढतच नाही हो. काल कसारा घाट सगळा दुसऱ्यात आणला, आणि वरच्या वळणावर तर पहिला टाकावा लागला.’ बोनेटवर कोपर टेकून उभ्या असलेल्या वृद्ध मिस्त्रींनी शांतपणे उत्तर दिले, ‘इंजिन तेच, क्राऊन तोच, चाक तेवढं मोठं केलंत. आता एक तर टायर उतरवा, नाही तर क्राऊन-पिनियनचा जोड बदला.’

मला त्या उत्तरातली न्यायबुद्धी फार आवडली. मोटारीचे चाक सर्वांच्या नजरेस पडते. ते मोठे केले की गाडीला रुबाब येतो, ती उंच दिसते, खड्ड्यांना जुमानत नाही. परंतु त्या चाकाला फिरवणारी दातेरी चक्रांची जोडी, मोठा क्राऊन आणि छोटा पिनियन, मागच्या आसाच्या लोखंडी कवचात, काळ्या तेलात बुडालेली असते, आणि गाडी विकत घेताना तिचा तपशील कोणी विचारत नाही. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बांधलेल्या विलीज जीपच्या आसात पिनियनला आठ आणि क्राऊनला एकोणचाळीस दाते असत. युद्ध संपता संपता, १९४५ साली, त्याच जीपची नागरी आवृत्ती निघाली तेव्हा आठ दात्यांचा पिनियन तसाच ठेवून क्राऊनचे दाते त्रेचाळीस करण्यात आले. चार दात्यांची ही वाढ कागदावर क्षुल्लक दिसते. पण लष्कराला रस्त्यावरून धावणारी गाडी हवी होती, आणि नागरी जीपचे गिऱ्हाईक नांगर नि गाडे ओढू पाहणारा शेतकरी होते. या दोन गरजांमधले सगळे अंतर त्या चार दात्यांत साठवलेले आहे. आपल्याकडे महिंद्रांनी मुंबईत जुळणी करून ज्या जीपगाड्या रस्त्यावर आणल्या, त्या या नागरी घराण्यातल्या.

आता हिशेब पाहावा. सहा-सोळाच्या टायरचा व्यास सुमारे साडेअठ्ठावीस इंच, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात साडेसात फुटांच्या आसपास जमीन मागे पडते. एकतीस इंची टायर त्याच फेऱ्यात आठ फुटांहून थोडी अधिक जमीन कापतो. इंजिनाला मात्र त्या एका फेऱ्यासाठी तिसऱ्या गिअरात पूर्वीइतकेच, सव्वापाच-साडेपाच वेळा फिरावे लागते, आणि म्हणून तेवढ्याच जोरात त्याला आता सुमारे नऊ टक्के अधिक वाट ओढावी लागते. याचा अर्थ असा, की त्रेचाळीसास आठ हे प्रमाण जागच्या जागी राहूनही, मोठ्या टायरमुळे व्यवहारात जवळजवळ एकोणचाळीसास आठ होऊन बसते. शेतकऱ्यासाठी बांधलेली गाडी, कोणी एक दाताही न घासता, पुन्हा लष्करी होते. तिला मूळचा जोर परत द्यायचा तर क्राऊन-पिनियनचे प्रमाण पाच पूर्णांक आठ-दशांशांच्या वर, म्हणजे एक्केचाळीसास सातच्या घरात न्यावे लागेल, आणि जीप चारही चाकांनी चालणारी असेल तर हा खर्च एका आसावर भागत नाही, पुढच्या आसातला जोडही त्याच प्रमाणाचा बसवावा लागतो. शिवाय वेग दाखवणारा काटा चाकाचे फेरे मोजतो, फूट मोजत नाही. तो साठ दाखवतो तेव्हा गाडी पासष्टाने चाललेली असते, आणि हमरस्त्यावरचे किलोमीटरचे दगड त्याच्या विरुद्ध साक्ष देत राहतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या बावन्नाव्या कलमाने गाडीत परस्पर फेरफार करण्यास जी मनाई केली आहे, ती पुष्कळांना सरकारी जाच वाटते. मला मात्र ती सुज्ञपणाची वाटते.

चाकाचा हा न्याय मला पहिल्यांदा भेटला तो इगतपुरीत; तिथल्या रेल्वे वसाहतीत माझे मामा राहत. घोटीचे स्टेशन त्यांच्या स्टेशनाला अगदी लागून असले, तरी आमच्या बालमनाला इगतपुरी हे निराळेच राज्य वाटे, कारण तिथे घाट संपत असे आणि घाटातून गाडी ढकलत आलेली मागची इंजिने तिथे सुटत असत. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंतचा तो थळ घाट, ज्याची आखणी बर्कले या मुख्य अभियंत्याच्या देखरेखीखाली झाली आणि ज्यातून १८६५ च्या प्रारंभी लोहमार्ग इगतपुरीस पोहोचला, सदतिसास एक या प्रमाणात चढतो. सदतीस फूट पुढे जावे तेव्हा एक फूट वर. रस्त्यावरच्या मोटारीला हा चढ किरकोळ वाटेल, परंतु लोखंडी रुळावर लोखंडी चाकाने चढणाऱ्या आगगाडीला तो इतका भारी, की कसाऱ्यास मागून बँकर इंजिने लावल्यावाचून गाडी वर येत नाही. १९३० च्या सुमारास तिथे वीज आली, आणि तिच्याबरोबर जी अवजड, पुढे-मागे लांब नाकांची, चाकांना बाहेरून दांडे जोडलेली मालगाडीची इंजिने आली, त्यांना आमच्या भागात ‘खेकडा’ म्हणत. त्यांच्या आरेखनामागे स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरचा कारखाना होता. डोंगराळ देशाच्या कारागिरांनी डोंगरासाठी घडवलेले ते यंत्र होते, आणि आज त्याचा एक नमुना मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात उभा आहे.

मामा शेडमध्ये फिटर होते. सुट्टीत मी गेलो की संध्याकाळी ते मला हाताशी धरून शेडच्या कुंपणापर्यंत नेत, आणि मी दांड्यांच्या डुलत्या हालचालीकडे पाहत असताना ते मात्र मला चाकाची कड दाखवीत. त्या काळच्या इंजिनांच्या चाकावर पोलादाची निराळी कडी बसवलेली असे. बैलगाडीच्या चाकावर लोहार जशी धाव तापवून चढवतो आणि पाण्याने निववून आवळतो, तशीच ही कडी तापवून, फुगवून चढवत, आणि ती निवली की चाकाला कवटाळून बसे. ‘ती झिजते रे,’ मामा म्हणत, ‘आणि वाकडीतिकडी झिजते. मग लेथवर घेऊन सगळी चाकं सारखी कातायची. एक चाक जरी दुसऱ्याहून थोडं लहान राहिलं ना, तर दांड्यांत भांडण लागतं.’ दांड्यांनी एकमेकांस बांधलेल्या तीन चाकांना एका वेळी सारखेच फेरे घ्यावे लागतात; त्यांतले एखादे लहान असले, तर सारख्या फेऱ्यांत ते सारखी वाट चालू शकत नाही, आणि मग ते रुळावर घसरते किंवा दांड्याला पीळ देते, हे मला फार पुढे उमगले. त्या वेळी माझ्या मनात राहिले ते त्यांचे दुसरेच एक वाक्य: कातून कातून लहान झालेल्या चाकांचे इंजिन घाटात चढायला थोडे बरे असते, पण सपाटीवर ते मागे पडते.

चाक झिजले की इंजिनाची ओढ वाढते, ही गोष्ट मला तेव्हा चमत्कारासारखी वाटली होती, आणि तिचा हिशेब समजल्यावरही तिच्यातले नवल कमी झालेले नाही. आजच्या विजेच्या इंजिनाचे चाक नवे असताना १०९२ मिलिमीटर व्यासाचे असते आणि १०१६ वर आले की ते बदलतात. या दोन टोकांमध्ये सात टक्क्यांचा फरक आहे, म्हणजे एकच इंजिन आपल्या चाकाच्या आयुष्यभरात वेगातून थोडे थोडे वजा करीत जाते आणि ते जोरात जमा करीत जाते. वेगमापकाला चाकाचा नवा व्यास सांगितला नाही, तर तोही खोटे बोलू लागतो. मालगाडीसाठी बांधलेले ‘डब्ल्यूएजी-९’ नावाचे जे इंजिन आहे, त्याच्या दातेरी चक्रांचे प्रमाण सत्त्याहत्तरास पंधरा; त्याच सांगाड्यात मुख्यतः ते प्रमाण बहात्तरास वीस केले, आणि शतक पालटताना चित्तरंजनच्या कारखान्यातून ‘डब्ल्यूएपी-७’ हे प्रवासी गाडीचे वेगवान इंजिन बाहेर पडले. घोटीच्या फलाटावर उभे राहून जी गाडी आपण धाडधाड निघून जाताना पाहतो आणि जिच्या मागून लांबच लांब मालगाडी येते, त्या दोघींची इंजिने सख्खी भावंडे असू शकतात. मामांना हे पाहायला मिळाले असते, तर त्यांनी मला कुंपणाशी उभे करून त्या दात्यांची उजळणी निश्चित करून घेतली असती. घाटातल्या वाटेवर त्यांचे जे प्रेम होते, ते चढाच्या दृश्यावर, दरीवर, धबधब्यावर नव्हते. ते संपूर्णपणे त्या सदतिसास एकावर होते, आणि आज थळ घाटातून जाताना खिडकीबाहेर मान काढून निसर्गाचे छायाचित्र घेणाऱ्या प्रवाशांमध्ये मी माझ्या मामांच्या जातीचा एखादा इसम नेहमी शोधत असतो.

चाक आणि दाते यांचे हे नाते सर्वांत निर्मळ रूपात दिसते ते सायकलीत. साखळीची सायकल येण्यापूर्वी पायटे थेट पुढच्या चाकालाच लावलेले असत; दातेच नव्हते, म्हणून वेग हवा तर चाकच मोठे करावे लागे, आणि ते पन्नास-साठ इंचांपर्यंत वाढत गेले. त्याची मर्यादा लोहाराच्या हातात नव्हती, स्वाराच्या मांडीत होती; ज्याचे पाय जेवढे लांब, त्याला तेवढे मोठे चाक. १८८५ च्या सुमारास स्टार्ली यांनी साखळीची बुटकी सायकल रूढ केली, तेव्हा दात्यांनी चाकाचे काम उचलले. तरीही जुने माप मेले नाही. आपल्या अठ्ठावीस इंची साध्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असले, तर तिचा गिअर अडुसष्ट इंच आहे असे जाणकार अजून म्हणतात, म्हणजे अडुसष्ट इंच व्यासाचे ते प्राचीन चाक तिच्या पोटात अदृश्यपणे फिरत असते. घोटीच्या बाजारातून तांदळाचे पोते मागच्या कॅरिअरला बांधून गावाकडे निघालेला माणूस अशा चाकावर स्वार असतो, जे भूतलावर कोणत्याही मांडीला पेलले नसते.

या गावी चाकांचा सर्वांत कडक इम्तिहान मात्र रस्त्यावर होत नाही. तो जुलैत, आवणीच्या दिवसांत, खाचरात होतो. इगतपुरी तालुक्यात पाऊस असा कोसळतो की भातखाचरे काठोकाठ भरतात, आणि इंद्रायणी भाताची रोपे लावण्याआधी चिखलणी करायला ट्रॅक्टर उतरतात, मागच्या रबरी टायरांशेजारी लोखंडी केज व्हील लावून. अलीकडे चारही चाकांनी ओढणारे ट्रॅक्टर वाढले आहेत, आणि त्यांच्यापाशी मिस्त्रींचा तो जुना न्याय अधिकच कठोर होतो, कारण तिथे पुढचे चाक लहान आणि मागचे मोठे असते. पुढचे चाक जितके लहान तितके अधिक फेरे त्याने घेतले पाहिजेत, आणि ते प्रमाण कारखान्याने दात्यांत असे बसवलेले असते, की पुढचे चाक मागच्याहून किंचित, शंभरात एक ते पाच भाग, जास्त वाट चालू पाहते. त्यामुळे ते ओढते, ढकलले जात नाही. मागची जोडी झिजू दिली आणि पुढे नवी कोरी घातली, किंवा दुकानदाराने स्वस्त दाखवले म्हणून भलत्याच मापाची घातली, तर हा एक ते पाच भागांचा बंदोबस्त मोडतो. चिखलात त्याची झळ लागत नाही, चिखल घसरण पोटात घेतो. डांबरावर मात्र पुढच्या चाकांना जोडलेली गती सुटली नाही, तर पुढची-मागची चाके एकमेकांशी झुंजतात, आणि टायर नाही तर दाते, कोणीतरी झिजते.

त्याच गॅरेजात मिस्त्री एका शेतकऱ्याला ही तपासणी करून दाखवत होते. त्यांनी पुढच्या आणि मागच्या टायरवर खडूची एकेक रेघ ओढली, पुढची गती जोडून ट्रॅक्टर सरळ चालवायला सांगितला, आणि मागच्या चाकाचे दहा फेरे होईतो पुढच्याचे किती होतात ते मोजले. मग गती सोडून पुन्हा तेच मोजले. दोन आकड्यांमधला फरक शेतकऱ्याने शेकडेवारीत आपल्या वहीत लिहून घेतला. तो पाचाच्या पुष्कळ वर निघाला होता. ‘मागची जोडी आवणीनंतर घेऊ का?’ त्याने विचारले. ‘घ्या,’ मिस्त्री म्हणाले, ‘पण तोवर रस्त्याला आलात की पुढची गती काढत जा. खाचरात राहू द्या.’

शेतकऱ्याने तेही वहीत टिपून घेतले.