मोठी चाके
दसऱ्याच्या आठवडाभर आधी आमच्या चिरंजीवांनी माझ्या वडिलांच्या जीपला नवी चाके बसवून आणली. महिंद्रांनी जोडायला घेतलेल्या विलीज जीपच्या वंशातली ही गाडी. तिचे मूळचे टायर सुमारे साडेअठ्ठावीस इंच उंचीचे. आता तेहेतीस इंची आले. आर्णी रस्त्याने ती निघाली की पानठेल्यावरची माणसे वळून पाहत, आणि खोटे कशाला बोलू, मागे बसलेल्या मलाही बरे वाटे.

"बाबा, काळ्या मातीत आता अडायची नाही!" चिरंजीव म्हणाले. यावर काय बोलणार? आमच्याकडच्या बंडीची चाकेही उंच असत, ती चिखलासाठीच.

पण मोठे चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता कापते. काटा चाळीस दाखवी तेव्हा गाडी सेहेचाळीसने धावे. चढावर इंजिन धापा टाकी, ब्रेक उशिरा लागे, वळताना टायर मडगार्डला घासे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मी वाचून दाखवले. मराठीच्या प्राध्यापकाने कायदा वाचला तर घरात ऐकतो कोण?

दसऱ्याला सोने द्यायला निघालो. आई पुढच्या सीटजवळ आली. वडील गेल्यापासून ती सीट तिचीच. दांडा धरून तिने पाय उचलला. दोन इंच कमी पडले.

"तुम्ही जाऊन या रे, मी दिवा लावते," ती म्हणाली.

सकाळी अंगणात जॅकची करकर ऐकू आली. जुनी चाके पडवीतून बाहेर आली होती. नट फार घट्ट बसले होते. तिसऱ्याला चिरंजीवांनी मला हाक मारली.