हक्क मागायला लाज कसली?

माझे अब्बा सतरा वर्षे फौजेच्या तोफखान्यात होते. भरती झाले तेव्हा कान ठणठणीत होते. निवृत्त होऊन मंगरुळपीरला आले तेव्हा अजानही नीट ऐकू येत नव्हती. वैद्यकीय मंडळाने ३० टक्के अपंगत्व लिहिले, पण पुढे शेरा मारला : 'सेवेशी संबंध नाही.' तेवढ्यावर अपंगत्व पेन्शन नाकारली गेली.

अब्बांनी पत्र पेटीत ठेवले. "फौजेने पोटाला दिलं, आता तक्रार कशाला?" अम्मी म्हणाली, "ही काय खैरात आहे? हक्क आहे तुमचा."

वाशिमला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात वाट कळली. सहा महिन्यांत पहिले अपील, नंतर दुसरे. तिथेही दाद मिळाली नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचे एक पीठ मुंबईत आहे. धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले, की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेतच जडला असे धरावे. तसे नसेल तर ते सरकारने दाखवावे.

भरतीच्या तपासणीची नोंद, तोफेवरच्या नेमणुका आणि हा निवाडा मी अर्जाला जोडला. पहिले अपील फेटाळले गेले, दुसरे मंजूर झाले. थकबाकीपेक्षा अब्बांना पत्रातला एकच शब्द मोलाचा वाटला : 'सेवेमुळे.' तो त्यांनी मला दोनदा मोठ्याने वाचायला लावला.

बहिणींनो, तुमच्या घरी कुणी माजी सैनिक असेल आणि असे पत्र आले असेल, तर आधी त्यावरची तारीख बघा. मुदत तिथूनच सुरू होते.