दादींची वही घराबाहेर

आम्ही दोघी नणंद-भावजय. दादींच्या वहीवरून आम्ही एक वेबसाइट तयार केली ती घरच्या लॅपटॉपवर, आणि दीड वर्ष ती त्या लॅपटॉपबाहेर कुणालाच दिसत नव्हती. एक्सॅम्प नावाची मोफत प्रणाली टाकली की आपलाच संगणक सर्व्हरचे काम करतो. वर्डप्रेसही मोफत. त्यामुळे खर्च शून्य, आणि काही बिघडले तरी ते घरातच राहते.

पण कुवेतहून फुफीची मुलगी विचारायची, "पत्ता पाठवलात, उघडत का नाही?" पत्ता होता 'लोकलहोस्ट', म्हणजे 'हाच संगणक'. तिच्या फोनवर टाकला की तो तिचाच फोन शोधणार. इकडे दादींची नजर मंदावली होती. स्वतःचे अक्षर त्यांना वाचता येईना. आम्ही वाचायचो, त्या ऐकून दुरुस्त करायच्या. 'दोन मुठी' म्हणजे कुणाच्या मुठी, हे सांगणारे माणूस एकच. लॅपटॉपही म्हातारा झालेला, त्याची बिजागरी तुटलेली. शेवटी आम्ही नाव नोंदवले, वर्षाच्या भाड्याने सर्व्हरवर जागा घेतली आणि सामान हलवायला बसलो.

सामान दोन प्रकारचे असते. एक फायली: फोटो, रूपरंग, जोडण्या. दुसरा डेटाबेस: सगळा मजकूर आणि सेटिंग त्यात. फायली नुसत्या चढवायच्या. डेटाबेस मात्र पीएचपी-मायअ‍ॅडमिनमधून एका फायलीत उतरवून पलीकडे भरावा लागतो, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

त्यात जागोजागी जुना पत्ता लिहिलेला असतो. साध्या एडिटरने शोधून बदलला तर काय बिघडते? वर्डप्रेस काही नोंदी मोजून ठेवते: पुढचा मजकूर इतक्या बाइटचा, आणि मग मजकूर. आमचा जुना पत्ता २१ अक्षरांचा, नवा त्याहून लांब. मजकूर बदलला आणि आकडा तसाच राहिला की ती नोंद वाचता येत नाही आणि सेटिंग गायब होते. म्हणून हे काम डब्ल्यूपी-सीएलआयच्या 'सर्च-रिप्लेस' आज्ञेने करावे. ती मोजमापही बदलते. तिला आधी कोरडी तालीम करायला सांगता येते, म्हणजे काहीही न बदलता ती किती जागा बदलतील एवढेच दाखवते. आम्हाला ही सोय फार आवडली. लग्नघरातही असावी!

मराठीत लिहिणाऱ्यांनी अक्षरांच्या सेटिंगकडे आधी बघावे. देवनागरीचे एकेक चिन्ह युटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते. डेटाबेस जुन्या 'लॅटिन१' पद्धतीचा निघाला तर 'सांदण'च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते, आणि ती तशीच साठवली गेली की मूळ अक्षरे त्यातून परत मिळत नाहीत. दोन्हीकडे 'युटीएफ८एमबी४' असल्याची खात्री करूनच आम्ही पुढे गेलो. मूळ लॅपटॉपला हात लावला नाही, आणि एक प्रत पेनड्राइव्हवर वेगळी ठेवली.

किरकोळ गोष्टीही असतात. विंडोजला फाइलच्या नावातले लहान-मोठे इंग्रजी अक्षर सारखेच. लिनक्स सर्व्हरला ते वेगळे, त्यामुळे घरी दिसणारे फोटो तिकडे दिसत नाहीत. पहिले पान उघडते आणि आतली पाने सापडत नाहीत, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन पर्मालिंक पुन्हा 'सेव्ह' केले की बहुधा भागते.

आम्ही जास्त वेळ थांबलो तो वेगळ्याच कारणाने. लॅपटॉपवर होते तोवर सगळे घरचे होते. आता कुणीही बघणार. फोनने काढलेल्या फोटोत कधी कधी जागेचे अक्षांश-रेखांशही दडलेले असतात. ते आम्ही प्रत्येक फोटोतून काढले. एका पाककृतीखाली कुणाचा तरी जुना फोन नंबर होता, तो पुसला. राहिला दादींचा फोटो. आमच्यातल्या एकीला तो हवा होता, दुसरीला नको. दोन दिवस अबोला नव्हता, पण बोलणे थोडे कमीच होते. मग सरळ दादींनाच विचारले.

"चेहरा नको," त्या म्हणाल्या. "हात दाखवा. पीठ हातच मळतात."

"आणि नाव?"

"नाव पुरे लिहा. वही माझी आहे."

त्या रात्री भाकरी थापणाऱ्या हातांचा फोटो पहिल्या पानावर लावला. 'चाचणी १', 'चाचणी २' ही पाने काढली. शोधयंत्रांना दूर ठेवणारी खूण चाचणीच्या काळात लावलेली असते, ती सगळ्यात शेवटी काढली. ती राहिली तर वेबसाइट जिवंत असूनही शोधणाऱ्याला सापडायची पंचाईत.

जुम्याच्या दिवशी कुवेतहून फोन आला. फुफीची मुलगी सांदणाची कृती मोठ्याने वाचत होती, दादी स्पीकरला कान लावून बसलेल्या. मध्येच त्यांनी हात वर केला. "थांब. नारळाचा रस घट्ट पाहिजे, पहिला. तेव्हा मीच पातळ सांगितला होता."

आम्ही लॅपटॉप उघडला, पण दुरुस्ती थेट नव्या जागेवर केली. आता लॅपटॉपवरची प्रत जुनी झाली आहे; ती पुन्हा वर चढवली तर दादींचा घट्ट रस परत पातळ होईल. यापुढे प्रत वरून खाली आणायची, दर महिन्याला. तिकडून विचारणा चालूच होती: "घट्ट म्हणजे किती, दादी?"