साठ दिवस आणि फुकटातली गाणी

शिकागोचा उन्हाळा आणि आपला उन्हाळा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पुण्यात मे महिन्यात पडदे ओढून पंख्याखाली पडून राहायचं असतं. इकडे सहा महिने घरात कोंडलेली माणसं जून उजाडला रे उजाडला की जी बाहेर पडतात, ती ऑगस्ट संपेपर्यंत घराचं नाव काढत नाहीत. आणि बाहेर पडून करतात काय, तर गाणी ऐकतात. बागेत, रस्त्यात, तळ्याकाठी, जिथे चार स्पीकर मावतील तिथे.

आपल्यासारख्यांची सर्वांत मोठी सोय म्हणजे मिलेनियम पार्कमधला प्रित्झकर पॅव्हिलियन. फ्रँक गेरीचं डिझाइन, २००४ साली खुला झाला. समोर चार हजार खुर्च्या, मागे सात हजार माणसं बसतील एवढी हिरवळ. सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला कार्यक्रम, तिकीट शून्य डॉलर. सतरंजी टाका, डबा उघडा, बसा. सवाई गंधर्वला भारतीय बैठकीत बसून ज्यांचे पाय आखडलेत त्यांना हे अगदी घरचं वाटेल.

माझ्यातल्या इंजिनिअरला मात्र गाण्याआधी ते डोक्यावरचं लोखंडी जाळं आवडलं. हिरवळीवर पाइपांची मोठी जाळी आहे आणि तिला स्पीकर टांगलेत. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे स्टेजपासून शंभर मीटरवर बसलात तर गायकाचा आवाज पाव सेकंदाहून थोडा जास्तच उशिरा पोचणार आणि वरच्या स्पीकरचा आधीच येणार, नुसता गोंधळ. म्हणून मागच्या स्पीकरना मोजून उशीर लावलेला असतो. सगळा आवाज पुढून, स्टेजवरूनच येतोय असं वाटतं. लेटन्सी मुद्दाम वाढवून सिस्टिम सुधारल्याचं मी बघितलेलं हे एकच उदाहरण :)

या सगळ्याची ओळख करून दिली ती माझ्या रूममेटने. कोल्हापूरचा गडी, डेटाबेसवाला, आणि कानात कायम बँजो. मी तोपर्यंत फक्त रॉक ऐकायचो. 'कंट्री' म्हटलं की हॅट आणि ट्रक एवढंच डोळ्यांसमोर यायचं. तो म्हणाला, "लेका, तसलं नव्हे. अमेरिकाना ऐक." अमेरिकाना म्हणजे काय, याचं सरळ उत्तर कुणालाच देता येत नाही. कंट्री, फोक, ब्लूज, थोडं रॉक, सगळ्याची मिसळ. रेडिओवरच्या चकचकीत कंट्रीत ज्यांना जागा नव्हती, त्यांची गाणी. याच राज्याच्या नैऋत्य भागात बेलव्हिल नावाचं गाव आहे. तिथल्या अंकल टुपेलो या बँडचा 'नो डिप्रेशन' अल्बम १९९० साली आला आणि पंक ऐकणारी पोरं जुन्या कंट्रीकडे वळली. १९९४ साली ती बँड फुटली. त्यातल्या जेफ ट्वीडीने काढली विल्को, आणि विल्को म्हणजे शिकागोकरांची घरची बँड.

पण आमच्या खोलीचा देव होता जॉन प्राइन. मेवुड या उपनगरातला पोस्टमन. टपाल वाटता वाटता गाणी रचायचा. १९७० साली एका छोट्या क्लबात गात असताना रॉजर एबर्टने त्याला ऐकलं. एबर्ट म्हणजे सिनेमाचा समीक्षक! त्याने सिनेमा सोडून या पोस्टमनवर पेपरात लिहिलं. पुढच्या वर्षी पहिला अल्बम आला. एप्रिल २०२० मध्ये कोविडने प्राइन गेला. रूममेट म्हणायचा, माझी आजी जात्यावर गायची आणि हा बॅग खांद्याला लावून गायचा, हात कामात असले की डोकं मोकळं होतं. आम्ही दोघं हेडफोन लावून कोड लिहितो, गाणं काही सुचत नाही. असो.

२०२३ च्या मे अखेरीला त्याची नोकरी गेली. पंधरा मिनिटांचा कॉल, लॅपटॉप परत करा, बस्स. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एच-वन-बीवर नोकरी गेली की साठ दिवस. तेवढ्यात दुसरी कंपनी मिळाली तर ठीक, नाहीतर बॅग भरायची. सकाळी तो इंटरव्ह्यू द्यायचा, दुपारी गाडी विकायच्या जाहिरातीला आलेले फोन घ्यायचा. आणि संध्याकाळी आम्ही फुकटातलं गाणं शोधायचो. सोमवार, गुरुवार ठरलेले. जुलैत लिंकन स्क्वेअरला ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिकवाल्यांचा रस्त्यावरचा जलसा. ही शाळा १९५७ पासून आहे, प्राइनही तिथे गिटार शिकला. दारात पेटी असते, ऐच्छिक देणगीची. मी पेटीत दोघांचे टाकले तर तो चिडला. "मी अजून भिकेला लागलो नाही," म्हणाला. मग दोघं तासभर न बोलता फिडल ऐकत उभे.

नदीकाठी मरीना सिटीचे दोन मक्याच्या कणसासारखे टॉवर आहेत, विल्कोच्या 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट'च्या कव्हरवरचे. तिथून जाताना तो दर वेळी तीच गोष्ट सांगायचा. कंपनीने तो अल्बम नाकारला, बँडने २००१ साली सरळ आपल्या वेबसाइटवर लावून टाकला, आणि २००२ साली ज्या लेबलने तो विकत घेऊन काढला ते त्याच मोठ्या कंपनीच्या छत्राखालचं. "एकाच मालकाने दोनदा पैसे मोजले बघ," म्हणून हसायचा. जुलैच्या मध्यानंतर ही गोष्ट सांगायची त्याने थांबवली.

बावीस जुलैला पिचफोर्क फेस्टिव्हलमध्ये बिग थीफ होती. त्याची सर्वांत आवडती बँड. तिकिटाचे पैसे मी देतो म्हटलं, तर नाही. मग आम्ही ॲशलँड स्टेशनवर गेलो. लोखंडी खांबांवरचं स्टेशन, खाली लागूनच युनियन पार्क. फलाटावर उभं राहून ऐकलं. स्टेज नीट दिसत नव्हतं. दर काही मिनिटांनी गाडी धडधडत यायची, अर्धं कडवं खाऊन जायची. दारं उघडायची, माणसं आमच्याकडे बघायची, आम्ही चढायचो नाही. इथे कुठलीही जाळी नव्हती, मोजलेला उशीर नव्हता, आवाज वाऱ्याबरोबर कमीजास्त होत होता. तरी तो शेवटपर्यंत कठड्याला टेकून उभा होता. दोन दिवसांनी त्याचं विमान होतं.

तो फेस्टिव्हलही आता नाही. २००६ ला सुरू झाला, २०२४ चा शेवटचा. मी त्याला कळवलं तेव्हा "बरं झालं, आता तिकीट नको" एवढंच उत्तर आलं.

तो आता पुण्यात आहे, नोकरी चांगली आहे, गिटारचा क्लास लावलाय. सोमवारी साडेसहाला मी हिरवळीवर बसलो की फोनवरून दोन-तीन मिनिटं रेकॉर्ड करून पाठवतो. त्याच्याकडे मंगळवारची पहाट असते, पाच वाजलेले. बहुतेक वेळा निळी टिक लगेच येते. मागच्या वेळी लिहिलं होतं: "ड्रम फार पुढे आहेत. आणि तू डावीकडे का बसलायस, आपली जागा मधली."